बोनस एकाच गाडीवर बसतो

"पण दोन्हीवर बसणारा मीच ना?" नमुनेवाल्यांनी हेल्मेट काउंटरवर ठेवलं, उचललं आणि पुन्हा ठेवलं. "का दुसऱ्या गाडीवर बसलो की मी वेगळा माणूस होतो?"

"तसं नाही हो काका."

"मग कसं? नऊ वर्षं मी कुठे धडकलो नाही. नऊ वर्षांत तुमच्या कंपनीकडे एक स्क्रू मागितला नाही. हे कुणाचं शहाणपण? गाडीचं का माझं?"

"तुमचं."

"मग माझं शहाणपण एका गाडीवर पन्नास टक्के आणि दुसरीवर शून्य, हे कुठलं गणित?"

खाली रस्त्यावर त्यांची मोटरसायकल चालूच होती. ते कधी इंजिन बंद करून वर येत नसत. आमचं विम्याचं ऑफिस टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत होतं. उन्हाळ्यात फरशीतून रबराचा वास वर यायचा, आणि नमुनेवाले आले की त्यात पेट्रोलच्या धुराची भर पडायची. मी तेव्हा बावीस वर्षांची होते. त्या काउंटरवर बसून मला जेमतेम दीड वर्ष झालं होतं. फॉर्म भरायचे, कार्बन घालायचे, शिक्के मारायचे आणि लोकांना एकच गोष्ट दहा वेळा सांगायची, हे माझं काम.

मी अकराव्यांदा सांगितलं. बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, माणसाच्या नावावर असतो हे खरं, पण तो एका वेळी एकाच गाडीवर बसतो. जुनी गाडी विकली तर तो उचलून नव्या गाडीवर ठेवता येतो. दोन्ही गाड्या ठेवल्या, तर नव्या गाडीने आपला आपण मिळवायचा. पहिलं वर्ष कोरं. वर्षभर दावा केला नाही की पहिली पायरी, मग दुसरी, अशा पाच पायऱ्या. पाचवीनंतर शिडी संपते, वर नुसतं बसून राहायचं. आणि मध्ये एक दावा केला, की त्या गाडीची शिडी काढून घेतात. थेट जमिनीवर.

"म्हणजे थोरलीशी नऊ वर्षं नीट नांदलो, त्याचं धाकटीच्या घरी काहीच नाही," नमुनेवाले म्हणाले.

आतल्या खोलीतून साहेब खो खो हसले. "अहो, दोन केल्यात तर दोघींचं सोसा आता!"

त्या दिवसापासून त्या दोन मोटरसायकलींची नावं आमच्या ऑफिसात थोरली आणि धाकटी अशीच पडली. फायलींवरसुद्धा मी पेन्सिलीने बारीक 'थो' आणि 'धा' लिहून ठेवलं होतं.

नमुनेवाले हे त्यांचं नावही आमचंच. ते रक्ताचे नमुने पोहोचवायचे. गावाबाहेरच्या लहान दवाखान्यांतून सकाळ-दुपार काढलेलं रक्त बर्फाच्या पेटीत घालून मोठ्या प्रयोगशाळेत न्यायचं. सात दवाखाने, दोन फेऱ्या. रक्त चार तासांच्या आत पोहोचलं नाही तर ते वाया जातं, आणि ज्याचं काढलं त्याला पुन्हा हात पुढे करावा लागतो. "लहान पोरं असतात हो," ते म्हणायचे, "एकदा टोचताना आख्खा दवाखाना डोक्यावर घेतात. त्यांना पुन्हा टोचायला लावलं तर मला कुठल्या नरकात जागा मिळेल?"

म्हणून ते कधी बसत नसत. मी खुर्ची पुढे केली की म्हणायचे, "नको, बुडाला सवय लागेल." या पायावरून त्या पायावर भार टाकत राहायचे, दर दोन वाक्यांनंतर घड्याळ बघायचे. त्यांच्याशी बोलताना आपल्यालाही धाप लागायची. ते गेले की मी उगाच उठून पंख्याचं बटण बघून यायची.

दुसरी मोटरसायकल त्यांनी हौसेने घेतली नव्हती. प्रयोगशाळेचा नवा नियम आला होता. ज्याला फेरीचं काम हवं, त्याच्याकडे चालू अवस्थेतल्या, विमा असलेल्या दोन गाड्या हव्यात, म्हणजे एक बिघडली तरी रक्त थांबणार नाही. आणि दर वर्षी कामाचा कागद नवा करताना मुख्य गाडीचं, म्हणजे थोरलीचं, बोनसचं पत्र जोडायचं. हा माणूस सांभाळून चालवतो याचा तो पुरावा. पत्रावर डाग दिसला की फेरी दुसऱ्याला. आपल्यामागे रांगेत तिघे उभे आहेत, असं ते सांगायचे.

ते पत्र मीच टाइप करायची. नाव, गाडीचा नंबर आणि खाली 'दाव्याशिवाय सलग वर्षे'. पहिल्यांदा त्यांच्या हातात दिलं तेव्हा ते बराच वेळ बघत राहिले. म्हणजे त्यांच्या मानाने बराच वेळ, अर्धा मिनिट असेल.

"शाळेत मला कधी सर्टिफिकेट मिळालं नाही," ते म्हणाले. "पळण्याच्या शर्यतीत दुसरा आलो होतो, पण त्या वर्षी कागद पहिल्या नंबरापुरतेच आणले होते."

जाताना विचारलं, "ताई, धाकटी नुसती दारात उभी ठेवली तरी तिची पायरी चढते?"

"पॉलिसी चालू असली आणि दावा नसला, तर चढते."

"म्हणजे हे उभं राहण्याचं बक्षीस आहे. मग मला जन्मात मिळायचं नाही!" आणि दोन दोन पायऱ्या उतरत खाली.

धाकटीचा विमा उतरवण्याआधी गाडी बघून यायची होती, त्यासाठी साहेबांनी मलाच पाठवलं होतं. घर दोन खोल्यांचं, पुढे अरुंद बोळ. त्या बोळात दोन्ही मोटरसायकली एकीमागे एक, अंगावर चादरी घालून उभ्या. थोरलीची चादर विटकी, धाकटीची कोरी. स्वयंपाकघरात जायचं तर हँडलला कंबर घासूनच जावं लागे.

"बघ बाई," काकू म्हणाल्या, "लग्नाला वीस वर्षं झाली. मला कधी रात्री पांघरूण घातलं नाही यांनी. ह्यांना मात्र रोज."

"तू कुठे घराबाहेर झोपतेस?" काका आतून म्हणाले.

"एक दिवस झोपून बघते. ओळखाल तरी का?"

काकूंनी मला चहा दिला आणि घरी कोण कोण असतं ते विचारलं. मी सांगितलं. वडिलांना दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून ते अंथरुणावर. आई त्यांचं करते. धाकटा भाऊ शाळेत. कमावणारी मी. काका दारात चुळबुळत उभे होते. त्यांनी ऐकलं असेल असं मला तेव्हा वाटलं नाही. ते सारखे घड्याळच बघत होते.

तीन वर्षं सरळ गेली. थोरली शिडीच्या टोकावर होती, धाकटी दोन पायऱ्या चढून तिसरीवर पाय ठेवणार होती. आणि एका दुपारी नमुनेवाले वर आले ते जिन्याचा कठडा धरून. शर्टाची बाही फाटलेली, कोपरापासून मनगटापर्यंत सोललेलं. मी काही म्हणायच्या आत ते खुर्चीवर बसले. मी उठून उभी राहिले. मला फार विचित्र वाटलं. ते बसलेले आणि मी उभी.

"बकरी आली मध्ये," ते म्हणाले. "बकरी वाचली. थोरली गेली."

"तुम्हाला किती लागलंय?"

"मला काही नाही. पेटी छातीशी धरली म्हणून हात टेकता आला नाही, एवढंच. एक नळी फुटली नाही. एका टेम्पोवाल्याला थांबवलं, आधी पेटी पोहोचवली, मग गाडी ढकलत घरी नेली." ते उठले आणि पुन्हा बसले. "पुढचे दोन्ही पाय वाकलेत तिचे. इंजिनाच्या पोटाला चीर गेलीय. मेकॅनिक म्हणतो, नवीच घ्या."

मी दाव्याचा फॉर्म काढला. त्यांनी माझा हात धरल्यासारखा फॉर्मचा कोपरा धरला.

"थांबा ताई. हा भरला की थोरलीचं पत्र जातं ना?"

"हो."

"पुढच्या महिन्यात मला ते पत्र जोडायचंय."

"मग दावा नका करू."

"दावा नाही केला तर दुरुस्ती कशाने करू? धाकटीचे हप्ते अजून फिटले नाहीत. आणि दुसरी गाडी चालू नसेल तरीही फेरी जाते." ते हसले, पण त्या हसण्यात काही नव्हतं. "इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात ना, ते आज दोन्ही बघून आलो."

साहेब त्या दिवशी बाहेरगावी गेले होते. आतली खोली रिकामी होती. नमुनेवाल्यांनी घड्याळ पाहिलं. दुसरी फेरी निघायची वेळ झाली होती. आता ती धाकटीवर करायची होती, त्या हातानं.

"तुम्ही काय करायचं ते करा," ते म्हणाले. "मला यातलं काय कळतं? कुठे सही करू?"

मी खूण केली, त्यांनी सही केली. वर काय लिहिलंय ते पाहिलं नाही. वर तेव्हा काहीच लिहिलेलं नव्हतं. ते गेले.

कोऱ्या फॉर्मवर त्यांची सही होती आणि समोर दोन फायली होत्या. मी तेव्हा काय विचार केला, ते मला इतक्या वर्षांनीही शब्दन् शब्द आठवतं. मी म्हटलं, थोरलीकडे नऊ आणि तीन, बारा वर्षांचं पत्र आहे. धाकटीकडे दोन पायऱ्या आहेत, त्या गेल्या तर गेल्या, प्रयोगशाळा धाकटीचं पत्र मागतच नाही. दोघींचा मालक एक, कंपनी एक, पडलेला माणूस एक. मग पडलेली गाडी कुठली, याने कुणाचं काय बिघडतं? त्यांच्याच तोंडचा युक्तिवाद मी त्यांच्याच बाजूने वापरते आहे, असं मला वाटलं. मला स्वतःचा अभिमानसुद्धा वाटला, हे लिहायला लाज वाटते.

मी धाकटीचा नंबर लिहिला. स्वच्छ, गोल अक्षरात.

एक गोष्ट मी विसरले, आणि ती विसरण्यासारखी नव्हती. दावा केला की सर्व्हेअर गाडी बघायला येतो. इतके दिवस आमच्याकडे येणारा सर्व्हेअर आळशी होता. तो ऑफिसात बसूनच चहाबरोबर अहवाल लिहायचा. मी त्याच्याच भरवशावर होते. पण त्या आठवड्यात त्याच्या जागी नवा आला. सडपातळ, हातात टॉर्च, खिशात फूटपट्टी. म्हणाला, "चला, घर दाखवा."

वाटेत त्याच्या स्कूटरवर मागे बसून मी दहा वेळा बोलायला तोंड उघडलं. वाऱ्याने ऐकू जाणार नाही, अशी स्वतःची समजूत घातली.

काकांनी दार उघडलं, आणि आम्हाला बघून खूश झाले. "या, या. ही बघा बिचारी." त्यांनी थोरलीवरची चादर काढली. पुढचं चाक आत वळलेलं, दिव्याची खोबण रिकामी. सर्व्हेअरने टॉर्च मारला, वाकून नंबर वाचला, मग फॉर्म वाचला. मग पुन्हा नंबर.

"पडली कोणती?"

"ही काय. दिसत नाही का?"

"फॉर्मवर ही नाही." त्याने मागच्या गाडीवरची कोरी चादर उचलली. धाकटी लखलखीत होती. त्याच दिवशी सकाळी पुसलेली असावी. "फॉर्मवर ही आहे. हिला तर ओरखडा नाही."

काका फॉर्मकडे बघू लागले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी धाकटीच्या पाठीवरच्या चादरीची शिवण बघत होते. बोळात चौघांना उभं राहायला जागा नव्हती. काकू स्वयंपाकघराच्या दारात, हातात कपबश्या.

सर्व्हेअर माणूस वाईट नव्हता. तो म्हणाला, "हे बघा, बिनदुखापतीच्या गाडीवर दावा म्हणजे खोटा दावा. ऑफिसच्या हातून नंबर चुकला असेल तर ऑफिस निस्तरेल, दावा दुसऱ्या गाडीवर जाईल. तुम्ही सांगितला असेल तर खोट्या दाव्यासाठी तुमचं नाव वर जाईल. हा नंबर कुणी लिहिला?"

आता बोल, असं मी स्वतःला म्हणत होते. डोळ्यासमोर दुसरं काही नाही, फक्त वडिलांच्या पलंगाशेजारचं औषधाचं स्टूल.

"लिहिला त्यांनी," काका म्हणाले. "सांगितला मी."

"अहो, पण तुम्ही तर म्हणाला होतात की कागद बघितलाच नाही—" काकू म्हणाल्या.

"तू चहाचं बघ."

"चहा माझ्या हातात आहे!"

"मग दे त्यांना."

सर्व्हेअर म्हणाला, "माणूस आपल्या गाडीचा नंबर चुकेल?"

"दोन आहेत ना साहेब," काका म्हणाले. "घाई होती. माझी नेहमीच घाई असते, सगळ्यांना माहितीये."

सर्व्हेअरने काकांचा जबाब लिहून खाली त्यांची सही घेतली, पण चहा घेतला नाही. मी घेतला. गरम होता, तसाच प्यायले, घसा भाजला. काकांनी दोन्ही चादरी पुन्हा घातल्या आणि कोपरे सारखे केले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब आल्या आल्या मी सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले. "अहवाल काल संध्याकाळीच गेला," ते म्हणाले. "आता मी तुझं नाव वर कळवलं, तर तुला उद्यापासून यायला नको. आणि त्यांनी सहीनिशी कबूल केलंय, म्हणजे त्यांचं नाव धुतलं जाईल याची खात्री नाही. काय करू, सांग."

'तरी कळवा' हे दोनच शब्द होते, ते मी म्हटले नाहीत.

खोटा ठरवून कंपनीने दावा फेटाळला, आणि त्यापायी दोन्ही गाड्यांचा बोनस गेला. थोरलीचा बारा वर्षांचा आणि धाकटीचा दोन वर्षांचा. पत्र नाही म्हणून फेरी गेली, ती रांगेतल्या तिघांपैकी पहिल्याला मिळाली. मी आठवड्याने त्यांच्या घरी गेले. काका नव्हते. बोळ मोकळा दिसत होता. थोरली एकटी, मागची जागा रिकामी. धाकटी विकून थोरलीच्या दुरुस्तीला पैसे उभे केले होते.

काकूंनी मला आत बोलावलं नाही. दारात उभ्या राहूनच म्हणाल्या, "ते म्हणाले, पोरीच्या घरी मिळवणारी तीच एक आहे. मला दुसरं कुठलंही काम मिळेल." मग, "मी नसतं सोडलं तुला. तोंडावर सांगते. मी नसतं सोडलं."

"बरोबर आहे काकू."

"बरोबर आहे म्हणू नकोस. त्याने राग जातो माझा, आणि तो मला इतक्यात जायला नकोय."

मी ऑफिसात टिकले. तीस वर्षं त्याच कंपनीत काढली, वडिलांचं शेवटपर्यंत झालं, भाऊ शिकला. लोक म्हणतात, बाई फार काटेकोर होत्या, फॉर्म तीनदा तपासायच्या. मी कधी त्यामागचं कारण सांगितलं नाही.

नमुनेवाले पुढच्या वर्षी विमा नवा करायच्या तारखेला बरोबर आले. आता ते एका चष्म्याच्या दुकानाचे तयार चष्मे घरोघर पोहोचवत होते. घाईचं काम नव्हतं. चष्म्याला चार तासांत काही होत नाही. त्यांचा एक खांदा जरा उतरलेला दिसला.

"एकच गाडी आहे आता," ते म्हणाले. "तुम्हाला सोपं."

मी फॉर्म भरला. दाव्याशिवाय सलग वर्षे, या रकान्यात पूज्य लिहिलं. ते लिहिताना पेन अडखळलं, मी पुन्हा गिरवलं. मी फॉर्म त्यांच्यापुढे सरकवला, सहीच्या जागी खूण केली आणि पेन दिलं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. खिशातून स्वस्तातला, जाड काचांचा चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला आणि फॉर्म वरच्या ओळीपासून वाचायला लागले. ओठ हलत होते. नाव, पत्ता, वर्ष, सगळं. गाडीच्या नंबरापाशी आले आणि थांबले.

"ताई, हा कागद दोन मिनिटं खाली नेऊ?"

"न्या ना काका."

ते एकेक पायरी उतरत गेले. मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. टायरच्या दुकानासमोर थोरली उभी होती, तिचा नवा दिवा जुन्या रंगाशी न जुळणारा. काका तिच्यापुढे उकिडवे बसले. पाटीवरचा चिखल अंगठ्याने पुसला. मग फॉर्म पाटीशेजारी धरून, एक बोट कागदावर आणि एक बोट पत्र्यावर ठेवून, एकेक आकडा लावून पाहिला. शेवटापर्यंत गेले. मग पुन्हा पहिल्यापासून.

वर आले तेव्हा त्यांना दम लागला होता.

"बरोबर आहे," ते म्हणाले. आवाजात टोमणा नव्हता, मी तो फार शोधला. त्यांनी पेन घेतलं आणि सही केली.